काळ्या खडकावरची म्हैस

परवा सुनेनं गच्चीवर धुतलेल्या गोधड्या टाकल्या, आणि त्या ओल्या वासानं मला थेट पालीजवळच्या आमच्या नदीवर नेलं. बाया धोंड्यावर गोधड्या आपटायच्या आणि आम्ही पोरी पाण्यात बोट बुडवून तापल्या काळ्या खडकावर चित्रं काढायचो. ऊन ती लगेच पिऊन टाकायचं. एकदा मामाच्या पोरीनं म्हैस काढली. माय धुणं सोडून बघायला आली. "बाई बाई, ही तर आता हंबरंल!" मी म्हटलं, "माजी बी म्हैसच हाय की." माय हसली, "व्हय? मला शेळी वाटली." मग पिळलेली गोधडी पसरायला मामी पुढं झाली, तर माय म्हणाली, "वैनी, तिकडं नका टाकू, तुमच्या पोरीची म्हैस हाय," आणि तिच्या हातातली गोधडी घेऊन टाकली माझ्या चित्रावर. मामाच्या पोरीची म्हैस तरी उन्हात कुठं टिकणार होती, पण तेवढा वेळही मायनं मला दिला नाही. आता मी नदीचीच चित्रं रंगवते, लोक लांबून बघायला येतात. धुणाऱ्या बाया, पोरी, खडक, सगळं असतं त्यांत. मामाची पोरगी फोनवर विचारते, "मला कवा काढतीस गं?" मी म्हणते, "जागा झाली की काढते." जागा मी होऊच देत नाही.