दाराबाहेरचा डॉक्टर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिवलग दोस्त करीमला नाही; देवापुढं हात जोडतानासुद्धा हा विषय टाळत आलो. पण परवा कमठाण्याला, आमच्या गावी, माझं पुन्हा एकदा कौतुक झालं, आणि आता मला त्या कौतुकाचा उबग आलाय. मर्यादेचा माणूस म्हणे! बिदरच्या दवाखान्यात इतकी वर्षं घासली, पण लोकांना माझं औषध आठवत नाही. आठवतं काय, तर एका दुपारी मी एका खोलीत गेलो नाही, ते.

का गेलो नाही? थांबा. आधी शिक्षणाचं सांगतो.

हैदराबादला डॉक्टरीच्या पदवीला होतो. निजामाचं राज्य, सगळं उर्दूत. पुस्तक एकदा वाचलं की मला पाठ. तोंडी परीक्षेत परीक्षक माझ्या उच्चारांवरच खूश. पण या पदवीला नुसतं पुस्तक पुरत नव्हतं, बाळंतपणं स्वतःच्या हातानं करून शिकायची होती. पहिल्याच दिवशी बाळंतिणींच्या खोलीत मला घेरी आली, पोरं हसली आणि माझा पापड मोडला. पुन्हा म्हणून आत पाऊल टाकलं नाही. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई गोषा पाळायच्या, हजेरीची नावंही पडद्याआडूनच पुकारायच्या. माझ्या नावाला करीम 'हाजिर' म्हणायचा आणि माझ्या वाटचं कामही तोच करायचा. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेला. करीम वैतागायचा — "किताबाँ बच्चे नईं निकालते, मियाँ!" मी हसण्यावारी न्यायचो. पुढं खेड्यात पुरुष डॉक्टरला बाळंतिणीजवळ कोण जाऊ देणार, असा माझा हिशेब. हिशेब कसला — भित्रेपणाला दिलेलं गोंडस नाव!

पदवी घेऊन गावी आलो तेव्हा वहिनींना दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यांचे वडील भालकीहून गाडी जुंपून न्यायला आले. अण्णा, माझा थोरला भाऊ — राबून मला शिकवलं ते त्यानंच — छाती फुगवून म्हणाला, "घरात डाक्टर असताना माहेरला कामून धाडू?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. 'पाठवा' म्हणायला काय लागत होतं? एक शब्द! मी मान डोलावली. गाडी रिकामी परत गेली.

आणि मग ती दुपार. मूल पायाकडून यायला लागलं. अव्वा, म्हणजे माझी आई, दार उघडून ओरडली, "अरं ये की आत! डाक्टर हायस न्हवं?" अण्णा म्हणाला, "जा रे, माझी ना न्हाई." बघा म्हणजे — मला कुणीही अडवलं नव्हतं. ना रीतीनं, ना माणसानं. अशा वेळी काय करायचं ते पान माझ्या डोळ्यांपुढं उघडं होतं; अक्षर न चुकता म्हणून दाखवलं असतं. पण हात? हातांनी ते कधी केलंच नव्हतं. मला येत नाही, बिदरहून कुणाला तरी आणा — एवढं तरी म्हणायचं की नाही? बिदर काय लांब होतं? मी म्हणालो काय, तर "वहिनी मला आईच्या जागी. मी आत येणार नाही." वा रे वाक्य! तेवढ्या भीतीत ते सुचलं कसं, याचीच मला अजून चीड येते. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगी होती. जन्मली ती मेलेलीच. वहिनी वाचल्या, पण त्यांना पुन्हा मूल झालं नाही.

त्यानंतर मी नोकरीचं निमित्त सांगून हैदराबादला गेलो आणि करीमच्या हाताखाली ते काम शिकलो. घेरी नाही, काही नाही. इतकं ते सोपं होतं का? आता शिकलेले हात घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहिलो, की माणसं म्हणतात, "डाक्टरसाब, तुमी सख्ख्या भावजयीच्या खोलीत गेला न्हाई, मग आमी तुम्हाला आत कसं सोडावं?" माझंच वाक्य मला उंबऱ्यावर अडवतं! अरे बाबांनो, ती मर्यादा नव्हती, मला येत नव्हतं — एवढंच तर सांगायचं होतं. मैलूरच्या एका घरी आतला आवाज कायमचा थांबेपर्यंत मी ओट्यावर बसून राहिलो. तरी नाही सांगितलं.

परवा कमठाण्याला माझ्या लेकीचं डोहाळजेवण होतं. जमलेल्या बायकांना वहिनी कौतुकानं सांगत होत्या, "भावजींनी त्या दिशी माझी लाज राखली बगा." मी खाली मान घातली. त्यावर एकजण म्हणाली, किती विनय हा!

मग पानं मांडली. वहिनींनी नेहमीसारखं पहिलं पान माझं वाढलं, पुरणपोळीवर तूपही जरा जास्तच सोडलं. मी जेवलो.