नागपूरकराच्या घरात किन्नू

आमच्या नोएडाच्या सोसायटीत रविवारी सकाळी अकराला जेवलं की त्याला ब्रंच म्हणतात. माझे बाबा अख्खा जन्म अकराच्या आत जेवत आले. वरण-भात, पोळी, भाजी, वरून ताक, आणि मग ऑफिस. निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं, जेवणाची वेळ तीच राहिली. म्हणजे हा माणूस नागपुरात बसून रोज ब्रंच करत होता आणि कोणी त्याचा साधा फोटोसुद्धा काढला नाही. आमच्या टॉवरमधल्या बायका मात्र महिन्यातून एकदा आळीपाळीने एकमेकींकडे अकराला जेवतात. त्याआधी आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर थीम ठरते, थीमप्रमाणे कपडे ठरतात, आणि वेळ उरलाच तर जेवणाचा विचार होतो. या जानेवारीत पाळी माझ्यावर आली.

थीम निघाली 'सिट्रस'. "तुम तो नागपुर से हो यार, बिल्कुल तुम्हारी थीम है," असं खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली. ही बाई मागच्या महिन्यात स्वतःच्या ब्रंचला नुसता पाव ठेवून मोकळी झाली होती. पण पीठ म्हणे तिने तीन दिवस आंबवलं होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी तो डोळे मिटून खाल्ला. मी सरळ तर्री-पोहे करून वर लिंबू पिळणार होते. लिंबूही सिट्रसच असतं, मी चौकशी केली होती. पण माझी चौदा वर्षांची लेक, जन्म आणि वाढ दोन्ही इथली, कपाळाला हात लावून म्हणाली, "मम्मा, प्लीज! पोहे ब्रेकफास्टला असतात. ब्रंचला कुछ बेक करना पडता है."

मग तिनेच व्हिडिओ काढून दाखवला: संत्र्याचे स्कोन. लाकडी स्वयंपाकघर, खिडकीत फुलं, आणि एक बाई मैद्यात लोणी चोळताना अशी हसतेय की तिची भांडी दुसरंच कोणीतरी घासत असणार हे कळतंच. स्कोन म्हणजे काय, तर शंकरपाळ्याने वजन वाढवून पावाशी सोयरीक करावी तसा एक प्रकार. मी हो म्हटलं. ओव्हन घेऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यात आम्ही आतापर्यंत फक्त कढया ठेवल्या होत्या.

खरं सांगायचं तर मला ब्रंचची काडीची हौस नव्हती. मला बाबांना माणसांत आणायचं होतं. आई उन्हाळ्यात गेली. दिवाळीला मी बाबांना इथे घेऊन आले, आणि ते आले तेच परतीचं तिकीट शर्टाच्या खिशात घालून. फेब्रुवारीच्या सुरुवातीची गाडी होती. नागपूरच्या घरात आता त्यांच्याशी बोलायला कोणी नाही, आणि तिथे ते एकटे राहायला जाणार हे मला पटत नव्हतं. इथेच राहा म्हणून मी समजावलं, भांडले, एकदा रडलेसुद्धा. त्यांचं उत्तर एकच, "पाहू." आणि इतक्या महिन्यांत त्यांनी आईचा विषय एकदाही काढला नव्हता. मी काढला की ते उठून पाणी प्यायला जात.

खाली उतरायचं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केलं होतं. सोसायटीत ज्येष्ठांचा हास्यक्लब आहे. धुरकट हवेत मफलर गुंडाळून माणसं गोल उभी राहतात आणि शिट्टी वाजली की हसतात. माझ्या नवऱ्याने बाबांना मोठ्या उत्साहाने तिथे नेलं. परत आल्यावर बाबा म्हणाले, "लोक हसून राहिले, पण कशावर हसून राहिले ते कोणालाच माहीत नाही." त्यानंतर हॉलमधली खुर्ची, शेजारी घरघरणारा एअर प्युरिफायर आणि बंद बाल्कनीच्या काचेतून दिसणारा समोरचा टॉवर एवढाच त्यांचा मुलूख उरला. त्यांच्यात धुगधुगी येई ती एकाच विषयाने, आणि तो विषय म्हणजे किन्नू.

किन्नू हे इथलं हिवाळ्यातलं फळ. पंजाबकडून येतं. गोल, चकचकीत, घट्ट सालीचं. गेटबाहेरच्या हातगाडीवर त्याचे डोंगर लागलेले असतात. नागपूरच्या माणसासमोर त्याला संत्रं म्हणणं हा दखलपात्र गुन्हा आहे. नवऱ्याने एकदा पिशवीभर आणले तेव्हा बाबांनी त्यातलं एक हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं. "हे फळ नाही, बॉल आहे. साल निघत नाही, आत नुसत्या बिया. संत्रा कसा पाहिजे? अंगठा लावला की साल हातात." नवरा पुण्याचा, त्यामुळे दुसऱ्या गावाचा अभिमान त्याला फारसा सोसत नाही, पण सासऱ्यांपुढे तो गप्प बसला. माझ्या काकांनी नागपूरजवळच्या काटोलहून ओळखीच्या माणसाबरोबर संत्र्यांची पेटी पाठवली होती. बाबांनी ती दाराजवळ ठेवून घेतली, म्हणजे येणारा-जाणारा बघेल. येणारं-जाणारं अर्थातच कोणी नव्हतं.

स्कोनमध्ये संत्र्याची साल किसून घालतात हे कळल्यावर बाबा शनिवारच्या रंगीत तालमीला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसले. दिल्लीला खरा संत्रा दाखवायची वेळ आली होती. मी किसणीवर पहिलं संत्रं धरलं. आमच्या संत्र्याच्या ज्या गुणावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या छाती फुगवतो, तोच नेमका आडवा आला. साल इतकी सैल की किसणीला लागताच ती सुरकुतली, फाटली आणि तिचा लगदा भोकांत अडकला. दुसऱ्या संत्र्याचंही तेच. तिसऱ्याला माझ्या बोटाची साल निघाली.

"हात हलका ठेव," बाबा म्हणाले. मी हलका ठेवला. "जोर लाव ना जरा." मी जोर लावला. शेवटी वाटीत जे काही जमलं ते लेकीने वास घेऊन बाजूला सरकवलं आणि टोपलीतलं किन्नू उचललं.

किन्नूची घट्ट साल सरसर किसली गेली. केशरी, कोरडा, बारीक भुगा वाटीत पडत राहिला आणि वास असा सुटला की हॉलमधल्या प्युरिफायरचा हिरवा दिवा लाल झाला. बाहेरचा धूर त्याला चालतो, संत्र्याचा वास म्हणजे प्रदूषण. मी बाबांकडे बघायचं टाळलं. अख्ख्या नागपूरची अब्रू गेली होती आणि तीही नातीच्या हातून. मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"तुझी आई साल टाकू द्यायची नाही."

माझे हात मैद्यात होते, ते तसेच राहिले.

"सालीचं आजी काय करायची?" लेकीने किसता किसता विचारलं.

"वाळवायची. गच्चीवर, पेपरवर पसरून. आम्ही संत्रे खाऊन राहिलो की ही ताट घेऊन मागे उभी. साल इकडे द्या, साल इकडे द्या. मग दिवाळीला कुटून उटणं."

"उटणं मतलब?"

"अंगाला लावायचं. तुमचा तो फेस पॅक राहते ना, तसाच."

"अच्छा, ऑरगॅनिक!" लेक म्हणाली, आणि आजी तिच्या नजरेत एकदम वर गेली. बाबा हसले. शिट्टी वाजलेली नसताना हसले. मला रडू आलं, आणि ते कांद्यावरही ढकलता येईना, कारण स्कोनमध्ये कांदा नसतो.

एकदा आई बोलण्यात आली म्हटल्यावर बाबांनी तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. स्कोनचं पीठ मळायचं नसतं, फक्त गोळा करायचं असतं, असं व्हिडिओतली बाई जीव तोडून सांगत होती. बाबांना ते बघवेना. "हे काय भुसभुशीत ठेवलं? तुझ्या आईने असं सोडलं असतं का? नीट मळ." आईचं नाव घेतल्यावर मी कोण नाही म्हणणार? मी दणदणीत मळलं. झालेले स्कोन फोडायला हातोडी लागली असती. बाबांनी मात्र दोन चहात बुडवून खाल्ले आणि म्हणाले, "चांगले आहेत. टिकतील."

रविवारी सकाळी पुन्हा मैदा काढला तर किन्नू संपलेले. नवरा क्लबहाउसमधून खुर्च्या आणायला गेला होता, लेक केस सरळ करत होती, माझे हात लोण्याने माखलेले. मी स्वतःशीच चरफडत होते तेव्हा बाबा चपला घालताना दिसले. "किती पाहिजे?" त्यांनी विचारलं. मी "चार-पाच" म्हणाले आणि लगेच ओट्याकडे वळले, न जाणो ते विचार बदलतील.

ते गेले ते आलेच नाहीत. साल नंतर मिसळायची ठेवून गोळा केलेलं पीठ फ्रिजमध्ये गेलं, ओव्हन तापून तापून थंड झाला. फोन त्यांनी खुर्चीवरच ठेवला होता. टॉवर सगळे एकसारखे, आपला कुठला ते त्यांना आठवेल का, या काळजीने मी हात पुसत बाल्कनीच्या काचेशी गेले. खाली गेटबाहेर हातगाडीपाशी बाबा उभे होते. हातात सोललेलं किन्नू. एक फोड तोंडात टाकायची, मुठीत बिया काढायच्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या हास्यक्लबातल्या एका मफलरवाल्याला त्या बिया पुरावा म्हणून दाखवायच्या, असं चाललं होतं. मफलरवालाही ऐकून घेणारा नव्हता. भांडण छान रंगलं होतं, मी काचेला नाक लावून बघत राहिले.

बऱ्याच वेळाने ते मोठी पिशवी घेऊन वर आले. "बिया फार आहेत," त्यांनी दारातूनच जाहीर केलं. चपला काढून झाल्यावर पुढे म्हणाले, "रस मात्र आहे." त्या दिवशीचे स्कोन फार सुरेख झाले, कारण पीठ गोळा करताना मळ म्हणायला घरात कोणी नव्हतं.

बायका नारंगी कपडे घालून आल्या. माझा कुर्ता सरोजिनी नगरच्या स्वस्त बाजारातल्या ढिगातला होता. कोणी विचारलं तर बुटीक म्हणायचं ठरवलं होतं, पण तो कोणाच्या नजरेतच भरला नाही. फोटो झाले. मग खालच्या शेजारणीने स्कोनचा तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "ये होता है नागपुर का संतरा! किन्नू में ये बात कहाँ?"

सगळ्यांनी खुर्चीवरच्या बाबांकडे पाहिलं. नागपूरची अब्रू अशी ताटात वाढून परत आली होती, फक्त गप्प बसायचं होतं. मी मनातल्या मनात हात जोडले. बाबांनी चष्मा नीट केला.

"नहीं बेटी, ये किन्नू का है. आपके इधर का," ते म्हणाले. "नागपुर का वो रहा. उसको किसते नहीं, खाते हैं."

आणि त्यांनी पेटी ओढली. अंगठा लावला की साल हातात, हे त्यांनी प्रत्येकीला करून दाखवलं. स्कोनचा चिमटीएवढा तुकडा घेऊन "डाएट, डाएट" करणाऱ्या बायकांनी संत्र्यांवर संत्री फस्त केली, कोपरापर्यंत रस ओघळला, थीम सगळ्या कपड्यांवर सांडली. मी चहा आणायला वळले तेव्हा बाबा उठले होते. हातात रिकामं ताट घेऊन ते एकेकीच्या मागे उभे राहत होते. "छिलका इधर दीजिए. इधर, इधर दीजिए."

सगळ्या गेल्यावर घर कसं संत्र्यांच्या वासाने भरून उरलं होतं. सकाळपासून वारा सुटला होता, धूर जरा हटला होता आणि बाल्कनीत फिकट ऊन आलं होतं. बाबांनी स्वतः दार सरकवलं, खाली पेपर अंथरले आणि साली एकेक करून पसरायला बसले. मी आणि लेक बघत उभ्या होतो.

"इथलं ऊन काही खरं नाही," ते मान वर न करता म्हणाले. "महिना तरी लागेल वाळायला. मग कुटायचं."

गाडी पंधरा दिवसांवर आली होती. तिकीट त्यांच्या खिशातून डोकावत होतं. माझ्याकडे पाठ केलेली कितीतरी भाषणं होती, ती मी बाजूला ठेवली.

"लागेलच," मी म्हणाले. "जास्तच लागेल, बाबा."

"मम्मा, पण ओव्हन में तो एक घंटे में..." लेकीने तोंड उघडलं, आणि मी तिच्या पायावर पाय ठेवला.