तिकीट काढून गोदाम बघताना

घरातून निघाले त्या सकाळी आमची गाडी वडप्याच्या फाट्यावरच अडकली. पुढे दोन कंटेनर तोंडाला तोंड लावून उभे, मागे टेम्पोंची रांग, आणि माझं विमान दुपारचं. आई एकामागून एक देव आठवत होती. बाबा मला निरोप द्यायला म्हणून घातलेल्या नव्या पांढऱ्या शर्टातच खाली उतरले, कंटेनरच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि सुरू झाले, "आने दे, आने दे… लेफ्ट मार… बस!" पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा. शर्टाची मात्र पार वाट लागली होती. गाडीत बसून घाम पुसत ते म्हणाले, "बाय, तिकडं कोनी इचारला तर मुंबईच सांग. भिवंडी सांगितलास तर लोका बोलतील, गोदामवाल्याची पोर."

बाबा वडप्याच्या गोदामात सुपरवायझर आहेत. सुरुवात पाठीवर गोण्या वाहण्यापासून झाली. मी जर्मनीत ब्रेमेनला लॉजिस्टिक्स शिकायला निघाले, तेव्हा पोरगी आता काचेच्या ऑफिसात बसणार, तिला गोदामाचं तोंड बघावं लागणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच बॅगा भरून बाहेर पडलेल्यांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? बाबांनी सांगितलं नसतं तरी मी मुंबईच म्हटलं असतं. सहा महिने म्हणत होते. समुद्र घराजवळच का? हो तर! सिनेमातली माणसं दिसतात का? अधूनमधून! इतकं रेटून खोटं बोलायची सवय झाली की मलाच खरं वाटायला लागलं. फक्त रात्री भांडी घासताना वाटायचं, हिला कुणी ओळखत नाही, या मुंबईवालीला. मीसुद्धा नाही.

मग एका शनिवारी मी आणि वर्गातली लिएन, ती व्हिएतनामची, हांबुर्ग बघायला गेलो. ऊन पडलं होतं आणि इथे ऊन पडलं की सगळं शहर सणासारखं बाहेर येतं. बंदर पाहिलं, पावात घातलेला मासा खाल्ला, मसाल्याची आठवण काढली. एका अरुंद गल्लीत डिलिव्हरीची व्हॅन मागे येत होती. माझा हात आपोआप तिच्या पत्र्यावर पडला आणि तोंडातून निघालं, "आने दे, आने दे… बस!" ड्रायव्हर बिचारा दचकून थांबला. बरोबर जागेवर थांबला, हे मात्र खरं. लिएन हसून लोटपोट. हे कुठे शिकलीस? म्हटलं, मुंबईत सगळ्यांनाच येतं.

तिथून पुढे तिकीट काढून, गाइड घेऊन शहरातली सगळ्यात नावाजलेली जागा बघायला गेलो. बघते तर काय, गोदामं! पाण्यातून उभी राहिलेली, लाल विटांची, पाच-सहा मजली गोदामांची अख्खी वस्ती. लोक माना वर करून फोटो काढत होते. सत्तरीच्या गाइडबाई अभिमानाने म्हणाल्या, हा जागतिक वारसा आहे. मला हसू आवरेना. आत पाऊल टाकलं आणि तागाच्या गोण्यांचा वास आला. बाबा घरी आले की त्यांच्या शर्टाला येतो तोच. हसू तिथेच थांबलं.

नेमका तेव्हाच बाबांचा कामावरून व्हिडिओ कॉल आला. "काय बघतंस, बाय?" मी पटकन खिडकीशी जाऊन कॅमेरा बाहेर वळवला. म्हटलं, पाणी, पूल. पोरीला परदेशात पाठवलं आणि ती तिथेही गोदामातच उभी आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू?

पण गोदामवाल्याची नजर ती. "त्या समोरच्या छपराखाली काय हाय? कप्पी न्हाय का? गोदाम हाय ना गं ते?" म्हटलं, हो बाबा, लोक तिकीट काढून बघतात. आणि त्यांनी प्रश्नांचा सपाटाच लावला. खाली पाणी, मग मालाला ओल लागत नाही का? गोणी होडीतून वर आली की दारात उभं राहून आत कोण ओढायचं? त्याच्या कमरेला दोर असायचा का?

मी इंग्रजीत विचारत गेले. बाई खुलल्या. जाड भिंतींचं सांगितलं, लाकडी जमिनीचं सांगितलं. दोराच्या प्रश्नाला मात्र थांबल्या. म्हणाल्या, ठाऊक नाही, आणि आजवर मला हे कुणी विचारलंही नाही. तुझे वडील इंजिनीअर आहेत का?

लिएन माझ्याकडे बघत होती. मी म्हणायला लागले, माझे वडील मुंबईत…

इंग्रजीतला 'मुंबई' शब्द बाबांनी बरोबर पकडला. "नो नो मॅडम! नो मुंबई. वडपे. भिवंडी. आय गोडाऊन मॅन!" आणि त्यांनी फोन फिरवला. आभाळाला टेकलेले रॅक, पिवळी फोर्कलिफ्ट, दाराशी लागलेले ट्रक. हमाल हात हलवत होते, एकाने तर हिंदीत आमच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. दहा-बारा टुरिस्ट जागतिक वारशाकडे पाठ करून माझ्या फोनमध्ये डोकावत होते. एक आजोबा विचारत होते, तिथे आत जायला तिकीट किती?

परतीच्या गाडीत बसण्याआधी मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "चुकला माझाच, बाय. मीच तुला लपवायला शिकवला. आपन काय चोऱ्या केल्यान?" मी फलाटावरच रडले आणि हसले, लिएनने रुमाल दिला. तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, त्या मुंबईवालीचा मला कंटाळाच आला होता.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी फार विचार करत नाही. जिथलं नाव सांगताना आवाज खाली जात नाही, ते. परवा वर्गात नवीन आलेल्या मुलीने विचारलं, कुठली तू? म्हटलं, भिवंडीची. ती म्हणाली, ते कुठे आलं?

मी शेजारची खुर्ची ओढली. म्हटलं, वेळ आहे ना? बस.