बिस्किटमुक्त वाडी

माझ्या ताईचं लग्न एका बिस्किटावरून मोडणार होतं. बिस्किटं मी भाजून आणली होती.

तेव्हा मी कंपन्यांच्या बिस्किटांविरुद्ध पत्रक काढलं होतं. (लेखन, छपाई, वाटप मीच. वाचनसुद्धा बहुतेक मीच.) साहेबाच्या बोटीतून बिस्कीट आलं, मग मुंबईत कारखाने उभे राहिले, मग पाच रुपयांचा पुडा वाडीवाडीत पोचला आणि आमच्या रत्नागिरीतल्या भट्ट्या एकेक करून विझल्या. संताप येणार नाही तर काय!

अशात ताईला बघायला अलोऱ्याहून पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा शिक्षक, ताईला आधीच आवडलेला. "नकार आला ना, तर तुझ्या पत्रकांची होडी करून तुला त्यात बसवीन," तिने मला बजावलं.

"चहाबरोबर दोन पुडे आणून ठेव गो," आई म्हणाली.

"कंपनीचा माल? या घरात?"

"अगो, ते चहाला येतायत, मोर्चाला नाय!"

मी ऐकते होय! नाचणीचं पीठ, गूळ, तूप घेऊन बंदराजवळची बेकरी गाठली. आपण सामान न्यायचं, तिथले चाचा बिस्किटं भाजून देतात. पदरचा घालतात तो फक्त फुलायचा खार.

"खार म्हणजे केमिकल! अजिबात घालायचा नाही."

"फुलायची नाहीत, बेटा."

"नाही फुलली तर नाही! प्रामाणिक हवीत!"

प्रामाणिक झाली. जांभ्याच्या चिऱ्याइतकी! आईने एक ताटलीवर आपटून बघितलं, तर बाबा "आले, आले" करत दार उघडायला धावले. आणि पाहुणे खरंच दारात!

जयभीम झाला, चहा आला. मुलाच्या आत्यांनी बिस्कीट चावलं, थांबल्या, दुसऱ्या दाढेने चावलं. मुलाच्या वडिलांनी चहात बुडवून ठेवलं. चहा निवला, बिस्कीट जसंच्या तसं! (बोटीवर महिनोन्‌महिने टिकणारं ते मूळ बिस्कीट असंच असणार. मी इतिहास नुसता लिहिला नव्हता, भाजूनही आणला होता.)

"पौष्टिक आहेत," मी म्हणाले.

"असतील गो," आत्या गाल धरून म्हणाल्या, "पण घरात दुसरं काय नाय?"

ताईचे डोळे भरून आले. बाबा मागच्या दाराने नानांच्या दुकानाकडे धावले आणि रिकाम्या हाताने परत आले.

"नाना पुडे ठेवत नाहीत म्हणे!" ते स्वयंपाकघरात कुजबुजले. "तू रोज जाऊन भाषणं ठोकून त्यांचं डोकं उठवलंस. सगळा माल परत धाडलान!"

माझ्या चळवळीचं ते पहिलं यश. वेळ बघा!

बाहेर मुलगा मात्र निष्ठेने चावत होता. ताईने काय विचारलं तरी नुसती मान हलवायचा, कारण तोंड उघडायची सोय नव्हती! तिला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, ठसका लागला. ताईने उठून सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले.

"आता बघायचं काय राहिलं?" त्याचे वडील म्हणाले, आणि लग्न ठरलं.

पुढच्या बैठकीत देण्याघेण्याचं निघताच मी हुंडाविरोधी पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी राहिले.

"आमची मागणी एकच," आत्या म्हणाल्या. "चहाबरोबरचं खाणं आम्ही आणू. हिला बेकरीत पाठवू नका!"

वरपक्षाची कुठलीही मागणी मान्य करू नका, असं माझंच पत्रक सांगतं. ही मी उभ्याउभ्या मान्य केली. त्यावर ज्या टाळ्या पडल्या, त्या माझ्या एकाही भाषणाला आजवर पडलेल्या नाहीत!