मेंदूतला पंक्तिभेद

माझे वडील धारला संस्थानचे डॉक्टर होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, त्या वर्षी मी माहेरी होते. दवाखाना त्यांनी सोडला, पण सूक्ष्मदर्शक काही सोडवेना. डोळे धड असताना त्यांनी बोकडाचा मेंदू चांदीच्या क्षारात मुरवून त्याचे पातळ काप काचेवर लावून ठेवले होते. हे सगळं ज्या खोलीत होतं, तिचं आईने नावच टाकलं होतं.

त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. मज्जातंतूंवर जागोजागी बारीक फुगवटे असतात. ते सगळ्या पेशींच्या वाट्याला सारखे येतात का? मुंबईच्या एका डॉक्टर स्नेह्याला ते कळवायचं होतं.

"बाई, प्रश्न माझा, डोळे तुझे. जरा गौरसे बघ आणि चित्र काढून दे."

नळीला डोळा लावला आणि मी श्वास घ्यायची विसरले. पिवळ्या उजेडात काळीभोर झाडं उभी होती आणि त्यांच्यामधून केसाहून बारीक तंतू, अंगावर मणी घेऊन, कुठल्या कुठे निघाले होते. बोकडाच्या डोक्यात एवढं! बघणाऱ्या माझ्या डोक्यातही हेच असणार, या विचाराने अंगावर काटा आला.

रांगोळीत माझा हात कुणी धरत नसे. त्याच तोऱ्यात चार दिवस खपून मी चित्र पुरं केलं.

"सारखे आहेत?" वडिलांनी विचारलं.

"अगदी बराबर सारखे."

"म्हणजे देवाच्या घरी पंक्तिभेद नाही!" कित्येक महिन्यांनी ते मोकळे हसले. लगेच पत्राचा मजकूर सांगितला, मी तो उतरून घेतला.

पाकीट बंद करण्याआधी हौसेने पुन्हा एकदा नळीत डोकावले आणि मला घाम फुटला. एका पेशीभोवती गुळाला मुंग्या लागाव्यात तशी फुगवट्यांची गर्दी, शेजारणीपाशी जेमतेम दोन. तंतूवरही तेच: इथे तीन चिकटून, पुढे लांबवर काही नाही. मी मात्र बोटाबोटाच्या अंतरावर ठिपके मांडून ठेवले होते. डोळ्यांनी मेंदू पाहिला आणि हाताने रांगोळी काढली!

दोन दिवस ते पाकीट तसंच दडवून ठेवलं. त्यांचं ते हसू माझ्याच हातून जायचं होतं. अखेर सांगितलं. ते रागावले नाहीत. "मग खरं कसं आहे?" एवढंच विचारलं.

शब्दांत सांगणं जमेना. मी नवं चित्र काढलं, आहे तसं. रांगोळीचे ठिपके उमटवायला आम्ही कागदाला सुईने भोकं पाडतो, तशी एकेका फुगवट्यावर मागच्या बाजूने सुई टोचली आणि कागद त्यांच्या हाती दिला.

उठून आलेल्या टिंबांवरून त्यांची बोटं हळूहळू फिरू लागली. गर्दीपाशी थांबली, मोकळ्या जागेवरून पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"पंक्तिभेद आहे," ते पुटपुटले. मग कागदावरचा हात न उचलता म्हणाले, "दिसलं गं."

डोळे गेल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.