कबरस्तानाची पानं कुठे गेली

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नगरच्या आमच्या ख्रिस्ती कबरस्तानाची वेबसाइट सुरू केली. प्रत्येक कबरीचं एक पान: नाव, साल, दगडावरचा मजकूर, फोटो. लोक आपल्या पणजीचं नाव सर्च करायचे, थेट आमचं पान उघडायचं आणि मला ई-मेल यायचा, "बाई, सलाम. ही आमचीच. कबर कुठल्या बाजूला आहे?"

मग कमिटीवर नवे सचिव आले. बँकेतून निवृत्त, बोलणं मोजकं. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "जागा संपत आलीय. ज्या जुन्या कबरींची कुणी चौकशी करत नाही, तिथे पुन्हा दफन करावं लागेल." आणि लगेच पुढे, "वेबसाइटही जुनाट दिसते. नवी करून घेऊ."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

काम सावेडीतल्या, वेबसाइट बनवणाऱ्या एका बाईंना दिलं. त्यांनी माझ्याकडे जुन्या पानांच्या पत्त्यांची यादी मागितली. यादी सचिवांच्या हाती पडली तर ते हवी ती पानं काढायला लावतील या भीतीनं मी "बघते" म्हणाले आणि दिलीच नाही.

नवी वेबसाइट देखणी झाली. पण महिन्याभरात ई-मेल थांबले. मी स्वतः चार-पाच नावं सर्च करून पाहिली, आमचं एकही पान येईना. जुनी लिंक उघडली की चर्चच्या फोटोचं पहिलं पान यायचं. त्यातच सचिव कबरस्तानात टेप घेऊन मापं काढताना दिसले. मी बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पानं तुम्ही काढायला लावलीत. चौकशी आली नाही, की कबरी मोकळ्या."

सचिव म्हणाले, "बाई, मला ती पानं उघडताही येत नाहीत. चला, सावेडीच्या बाईंनाच विचारू."

माझा विश्वास नव्हता, म्हणूनच मी सोबत गेले.

सावेडीच्या बाईंनी कॉम्प्युटर लावला. सगळी पानं जागेवर होती. बदलले होते फक्त त्यांचे पत्ते.

"जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर पाठवायचं, याला रीडायरेक्ट म्हणतात," त्या म्हणाल्या. "कुठलं पान कुठे गेलं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना पहिल्या पानावर पाठवलं. तिथेच चुकलं. सर्च इंजिन बघतं, एका बाईच्या कबरीचं पान मागितलं तर चर्चचा फोटो मिळतोय. म्हणजे ते पान आता नाहीच, असं समजून ते आपल्या यादीतून काढून टाकतं."

"तुम्हाला माहीत का नव्हतं?" सचिवांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्त्यांची यादी मागितली होती मी."

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

पुढचे दोन आठवडे सचिव रोज दुपारी माझ्या घरी आले. ते जुन्या यादीतलं नाव वाचायचे, मी नवं पान शोधायचे. लहान मुलाचं नाव आलं की ते दोनदा वाचायचे. सावेडीच्या बाईंनी प्रत्येक जुना पत्ता त्याच्या-त्याच्या नव्या पानाला कायमचा जोडला. "हे निदान वर्षभर तरी काढू नका," त्यांनी बजावलं. "सर्च इंजिन पुन्हा फिरकून बघेल, जुन्या पानाचा मान नव्याला देईल. पण आपल्या सवडीनं."

काही आठवड्यांनी सोनईहून एकांचा ई-मेल आला, मग आणखी दोन. त्या दिवशी मी सचिवांची माफी मागितली.

"संशय आला तर येऊ द्या," ते म्हणाले. "पण बैठकीआधी मला विचारायचं होतंत."

पुन्हा दफनाचा विषय त्यांनी वर्षभर पुढे ढकलला. सोडलेला नाही. मी अजून दर सोमवारी सकाळी पाच नावं सर्च करून बघते, आणि हे मी त्यांना सांगितलेलं नाही.