घशात उघडलेलं झाकण

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नळदुर्गजवळचा तलाव आटून गुडघाभर चिखलावर आला होता. मच्छीमार संस्थेचा सभासद लिंबाजी भोई हातानंच मासे चाचपत होता. सापडलेला मासा दातांत धरायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत.

त्या दिवशी दातांतल्या बोटभर काटेरी माशानं झटका दिला आणि तो सरळ घशात शिरला.

लिंबाजीला ओरडता येईना. शेजारच्या बब्रुवाननं शेपूट धरून ओढली. आत छत्रीसारखं काहीतरी उघडलं आणि रुतलं.

"अजून एकडाव वढतो, दम धर."

प्रत्येक हिसक्याला श्वासाची शिट्टी बारीक होत गेली. शेवटी रस्त्यावरचा ट्रक थांबवून त्याला नळदुर्गच्या दवाखान्यात नेलं. तलावावरूनच ट्रकमध्ये चढलेली बायको अयोध्या वाटेत त्याचं डोकं मांडीवर धरून म्हणत होती, "माज्याकडं बघा. डोळं मिटू नका."

डॉक्टर महालिंगप्पांनी बॅटरीचा उजेड टाकला. "ओढला कुणी?"

"म्या," बब्रुवान पुटपुटला.

"आता हात लावू नकोस. माशाच्या कल्ल्यांवर झाकण असतं, ऑपरक्युलम. मागं ओढलं की ते फाकतं. आधी आत ढकलावा लागेल, म्हणजे ते मिटेल."

"आत? मानूस मरंल की ओ!"

"ओढला तर नक्की मरेल."

चिमटा ओठांजवळ आला तसं लिंबाजीनं डॉक्टरांचं मनगट घट्ट धरलं. शिट्टी थांबली. अयोध्या त्याची बोटं उकलू लागली. "सोडा. सोडा म्हनते ना!"

त्यानं हात सोडला. मासा आत सरकला. डोळ्यांपुढं अंधार दाटला, कानात नुसता घुमारा. मग झाकण मिटलं, चिमट्यानं ते तसंच दाबून धरलं आणि रक्तासह मासा बाहेर आला.

पुढं घशातली जखम सुकल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, शब्द लॅटिन आहे, 'झाकणं' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. गोगलगायीच्या शंखाच्या दाराला आणि शेवाळाच्या बीजाणुकोशाच्या टोपणालाही तोच शब्द.

"दाराला बी व्हय?" लिंबाजी घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. लिंबाजी कमरेला करंडी बांधून पाण्यात उतरू लागला. करंडी न घेता उतरणाऱ्या नव्या सभासदाला तो अडवायचा, माशाचं झाकण अंगठ्यानं उचलून दाखवायचा आणि म्हणायचा, "ऑपरक्युलम. तोंडात धरू नको, बाबा."

दाखवताना त्याचा दुसरा हात गळ्यावर असायचा. मासा करंडीत पडेपर्यंत तो हात तिथून हलत नसे.